डाऊन की सिंथेटिक? आधी पाण्याचा हिशेब

हिमालयातल्या ट्रेकची तयारी सुरू झाली की यादीतल्या एका वस्तूपाशी गाडी हमखास अडते: स्लीपिंग बॅग. डाऊनची, म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या मऊ परांची घ्यायची, की सिंथेटिक, म्हणजे पॉलिएस्टरच्या तंतूंची? दुकानदार सांगतो डाऊन हलकी आणि जास्त गरम. अनुभवी मित्र सांगतो डाऊन भिजली की संपलं. दोघंही खरं बोलतात, त्यामुळे तुमचा गोंधळ वाढतोच. या वादाचा इतिहास शंभराहून जास्त वर्षांचा आहे, आणि तो नीट वाचला तर लक्षात येतं की ‘किती थंडी आहे’ याच्याआधी दुसराच प्रश्न विचारायला हवा: रात्रभरात तयार होणारं पाणी जाणार कुठे?

आधी थोडं विज्ञान. स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. ऊब तुमच्या शरीराची असते, बॅग फक्त ती धरून ठेवते. तेही परांनी किंवा तंतूंनी नाही, त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेने. पिंजारी जुनी गादी उसवून कापूस पिंजतो तेव्हा कापूस तेवढाच राहतो आणि गादी दुप्पट फुगते, ती याच हवेमुळे. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेतं आणि बर्फ त्याहूनही जास्त.

हवा अडकवण्यात डाऊनचा हात धरणारं काही नाही. डाऊन म्हणजे पक्ष्याच्या बाहेरच्या पिसांच्या खाली असलेले मऊ गोळे. त्यांना कडक दांडा नसतो. मधल्या एका बिंदूतून बारीक तंतू सगळ्या दिशांना फुटतात आणि त्या तंतूंना आणखी बारीक फांद्या असतात. डाऊनच्या बॅगेवर ‘८०० फिल पॉवर’ असं लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाऊन फुलून ८०० घनइंच जागा व्यापतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मूठभर वजनात १३ लिटर!

मग अडचण कुठे येते? ती बघायला आपल्याला १९११ सालच्या अंटार्क्टिकात जावं लागेल.

तोवर स्लीपिंग बॅग ही कल्पना नवीन राहिली नव्हती. आल्प्समध्ये चढाया करणाऱ्या फ्रान्सिस फॉक्स टकेट या इंग्रज गिर्यारोहकाने १८६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ब्लँकेटच्या कापडाची, खालून रबर लावलेली पिशवी वापरून पाहिली होती. वेल्समधल्या प्राइस प्राइस-जोन्स या व्यापाऱ्याने १८७६ मध्ये ‘युक्लिसिया रग’ नावाचं लोकरी अंथरूण-पांघरूण आणलं, त्यात फुगवायची रबरी उशीही होती. ध्रुवप्रदेशात मात्र भरवसा होता रेनडिअरच्या कातड्यावर. आतल्या बाजूला केस असलेली ही पिशवी जड असली तरी गरम होती.

२७ जून १९११ रोजी, ऐन ध्रुवीय हिवाळ्यात आणि चोवीस तासांच्या अंधारात, कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले तिघे जण केप क्रोझियरकडे निघाले: एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड. त्यांना एम्परर पेंग्विनची अंडी हवी होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खवल्यांपासून पक्ष्यांची पिसं कशी घडली, याचा धागा त्या अंड्यांमधल्या गर्भात सापडेल अशी तेव्हा आशा होती. तापमान उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं. त्यांच्याजवळ रेनडिअरच्या बॅगा होत्या आणि आत घालायला आयडर बदकाच्या डाऊनची अस्तरं.

पाच आठवड्यांनी ते परतले तेव्हा बॅगांचं वजन दुपटीहून जास्त झालं होतं. एवढं वजन कशाचं? त्यांच्याच शरीरातून निघालेल्या पाण्याचं.

इथे जरा हिशेब करू. घाम न येताही आपल्या त्वचेतून दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन निघून जातं. म्हणजे आठ तासांच्या झोपेत शंभरेक मिलिलिटर. श्वासातली वाफ वेगळी, आणि हे तिघे तर थंडीमुळे डोकंही बॅगेत घालून झोपत होते. वर दिवसभर गाडी ओढून कपड्यांत साठलेला घाम. घरी ही वाफ पांघरुणातून बाहेर पडते, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण बाहेर उणे ५० असेल तर शरीरापासून काही सेंटीमीटरवर, बॅगेच्या भरावातच, ती गोठते. रोज थोडा बर्फ, आणि तो वाळवायला ना ऊन ना कोरडी जागा. सकाळी बॅगा पत्र्यासारख्या कडक होत आणि रात्री आत शिरायचं तर आधी स्वतःच्या अंगाच्या उबेने त्या इंच इंच वितळवाव्या लागत. बॉवर्सने स्वतःचं डाऊनचं अस्तर बरेच दिवस वापरलंच नव्हतं, त्यामुळे ते कोरडं राहिलं होतं. ते त्याने चेरी-गॅरार्डला देऊ केलं. त्या परिस्थितीत याहून मोठी भेट कुठली असेल मला सुचत नाही.

म्हणजे डाऊन वाईट? थांबा. अकरा वर्षांनी त्याच डाऊनने एव्हरेस्टवर वेगळीच गोष्ट घडवली.

१९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज इंगल फिंच नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ होता. बाकीचे गडी लोकर, ट्वीड आणि गॅबर्डीन घालून आले होते. फिंचने मात्र स्वतःसाठी एक विचित्र कोट बनवून घेतला होता: आत आयडरडाऊन आणि बाहेर फुगे, म्हणजे उडणारे बलून, बनवायचं कापड. सोबत्यांनी आधी टिंगल केली. उंचीवरचा वारा सुरू झाल्यावर त्याच कोटाचा त्यांना हेवा वाटू लागला. २७ मे रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन वापरून सुमारे ८,३०० मीटरपर्यंत पोचले. तोवर माणूस एवढ्या उंचीवर चढला नव्हता.

फिंचच्या कल्पनेतलं मर्म मला त्या बलूनच्या कापडात दिसतं. परांच्या दुलया युरोपात घरोघरी होत्याच. पण पक्ष्याच्या अंगावर डाऊन कधीच उघडं नसतं. त्याच्यावर बाहेरच्या पिसांचं दाट आवरण असतं आणि ते आवरण वारा आणि पाणी दोन्ही अडवतं. फिंचने घट्ट विणीच्या हलक्या कापडाने तेच काम करून घेतलं. शिवाय एव्हरेस्टची हवा अतिशय कोरडी, आणि कोट तर दिवसा चालताना घालायचा. पाणी साठायला वावच कमी होता.

हेच फिंच १९५२ ते १९५७ या काळात आपल्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे म्हणजे एनसीएलचे संचालक होते. १९५३ मध्ये डाऊनचे कपडे घालून आणि पाठीवर ऑक्सिजन घेऊन एव्हरेस्ट सर झालं, तेव्हा ज्याच्या दोन्ही कल्पनांची तीस वर्षांपूर्वी थट्टा झाली होती तो माणूस पाषाणच्या प्रयोगशाळेचा कारभार बघत होता. एनसीएलवरून जाणाऱ्या किती ट्रेकर्सना हे माहीत असेल?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा तंतू बनवला. त्याचा एक गुण आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे: हा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत तो वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा धरत नाही. डाऊन केराटिनचं, म्हणजे आपल्या केसांच्याच जातीच्या प्रथिनाचं. न्हाल्यावर केसांच्या बटा कशा चिकटतात ते आठवा. पाण्याच्या पृष्ठताणामुळे बारीक तंतू एकमेकांना ओढून घेतात. डाऊनचा गोळा भिजला की असाच मिटतो, १३ लिटरची हवा निघून जाते आणि हातात ओला बोळा उरतो. पॉलिएस्टरचा तंतू त्या मानाने ताठ आणि कुरळा असतो. भिजला तरी पुष्कळसा फुललेला राहतो, आणि पिळून झटकला तर लवकर सुकतो.

पण सुरुवातीचे पॉलिएस्टरचे भराव जाडेभरडे होते, तेवढ्याच उबेसाठी खूप जड पडायचे. सैनिकाला तर पावसात, चिखलात, खंदकात झोपायचं असतं. म्हणून १९८३ मध्ये अमेरिकन सैन्याच्या संशोधन विभागाने ‘अल्बनी इंटरनॅशनल’ या कंपनीकडे डाऊनसारखा पण पाण्याला दाद न देणारा भराव मागितला. त्यातून ‘प्रायमालॉफ्ट’ आला. युक्ती अशी: बहुतेक तंतू अतिशय बारीक ठेवायचे, हवा अडकवण्यासाठी, आणि त्यांत थोडे जाड तंतू मिसळायचे, सगळं उभं धरण्यासाठी. डाऊनच्या गोळ्याची रचनाच जणू पॉलिएस्टरमध्ये उतरवली. तरीही वजनाच्या हिशेबात चांगलं कोरडं डाऊन आजही पुढे आहे. आणि सतत दाबून भरल्याने सिंथेटिक बॅग लवकर बसते, डाऊनची नीट सांभाळली तर कितीतरी वर्षं टिकते.

आता बॅगेवर लिहिलेल्या आकड्यांकडे बघा. ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ ही तापमानं आयएसओ २३५३७ या मानकानुसार, गरम केलेला पुतळा बॅगेत झोपवून ठरवतात. खरेदी करताना ‘कम्फर्ट’ बघा. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा झोपेचा नाही, कसंबसं तगून राहण्याचा आहे. आणि ही चाचणी होते प्रयोगशाळेत, कोरड्या बॅगेवर. तुमच्या ट्रेकच्या पाचव्या रात्रीची, चार रात्रींचा ओलावा प्यायलेली बॅग त्या आकड्यात नाही.

म्हणून निवड अशी करा. लडाखसारखी कोरडी थंडी, दिवसा कडक ऊन, बॅग पाठीवर वाहायची: डाऊन. सिक्कीम-अरुणाचलची दमट हवा, ओला तंबू, वाळवायची सोय नाही: सिंथेटिक. सह्याद्रीत पावसाळ्यात सिंथेटिकच, आणि हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावरही हलकी सिंथेटिक बहुतेकांना पुरते. उणे तीसच्या खालच्या लांबलचक मोहिमांना जाणारे लोक दोन्ही घेतात: आत डाऊन, वर पातळ सिंथेटिक. मग वाफ गोठायची ती बाहेरच्या सिंथेटिक थरात गोठते आणि आतलं डाऊन कोरडं राहतं. चेरी-गॅरार्डला हवा होता तो उपाय हाच.

बॅग कुठलीही असो, दोन सवयी लावून घ्या. नाक-तोंड बॅगेच्या बाहेर ठेवा, थंडी वाजली तर टोपी घाला. आणि सकाळी चहा होईपर्यंत बॅग उलटी करून उन्हात टाका. त्या तिघांना पाच आठवड्यांत एकदाही न मिळालेलं ऊन आपल्याला फुकट मिळतं.