बिनकल्हईचे पातेले : बालयकृताच्या एका आजाराची कुळकथा

भारतीय बालयकृतकाठिण्य हा मुख्यतः सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या मुलांना होणारा यकृताचा आजार. एके काळी देशातल्या बालरुग्ण विभागांत तो नित्याचा होता. घरोघरी त्याला ‘मुलाला लिव्हर झाले’ एवढेच म्हणत. मूल चिडचिडे होई, भूक मंदावे, अंगात बारीक ताप राही. हातपाय वाळत आणि पोट मात्र पुढे येई. तपासताना डॉक्टरांच्या बोटांना बरगडीखाली टणक यकृताची धारदार कड लागे. कावीळ आणि जलोदर दिसू लागल्यावर बहुतेक मुले थोड्याच महिन्यांत दगावत. एकाच आईची पाठोपाठची मुले या आजाराने गेल्याचीही उदाहरणे होती.

या आजाराचे पहिले वर्णन १८८७ साली कोलकात्यात डॉ. सेन यांनी केले. पुढची नव्वद वर्षे कारणाचा शोध चालू राहिला. कुपोषण, विषाणू, धान्यावरच्या बुरशीचे विष, आनुवंशिकता अशा अनेकांवर संशय गेला. सिद्ध काहीच झाले नाही. १९७८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका निबंधाने दिशा बदलली. सुईने काढलेल्या यकृताच्या तुकड्यांवर ऑर्सीन नावाचा रंग चढवला, तेव्हा पेशींत गडद तपकिरी कण उठून दिसले. ते तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे होते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबे साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते अनेकदा ८०० च्या वर जाई.

एवढे तांबे तान्ह्या मुलाच्या पोटात येते कोठून, याचे उत्तर पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातून मिळाले. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्ट्युअर्ट टॅनर यांच्या गटाने आजारी मुलांच्या आयांना बारकाईने विचारले : वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवले, किती वेळ कशात ठेवले? या मुलांना गाईम्हशीचे दूध फार लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवले वा साठवले जात होते. १९८३ साली गटाने हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. निरोगी मुलांशी तुलना करून १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दूध त्यात तापून तसेच राहिले की त्यातले केसिन हे प्रथिन भांड्यातले तांबे धरून ठेवते. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते. जन्मतः बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मुळातच जास्त असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची क्षमता अजून पुरती आलेली नसते. त्यात वरून भर पडली की यकृताच्या पेशी मरू लागतात.

पितळी भांड्यातला पदार्थ कळकतो, हे मराठी स्वयंपाकघराला पूर्वीपासून ठाऊक होते. तळकोकणात बांद्यापासून मालवणापर्यंत आमसुलाचा आंबटपणा रोजचाच. तिथे कल्हईवाचून पितळी टोप चालत नसे. कल्हईवाला भात्याने निखारे फुलवून भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी आत टेकवी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवी. काळवंडलेला तळ क्षणात चांदीसारखा होई. कथलाचा हा थर तांब्याला अन्नात उतरू देत नाही. पण तो झिजतो, आणि कथील महाग. दूध आंबट नाही, म्हणून त्याच्या पातेल्याला कल्हई नसली तरी खटकत नसे.

कारण कळल्यावर उपचारालाही वाट मिळाली. शरीरातले तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलअमीन हे औषध कावीळ होण्याआधी सुरू केले, तर काही मुले वाचू लागली. १९९६ साली पुण्याच्याच गटाने अशा मुलांचा दीर्घकाळचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. काहींच्या यकृताची रचना जवळजवळ पूर्ववत झाली होती आणि कित्येकांचे औषध थांबवता आले होते.

त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या टिरोल भागाचा वृत्तांत आला. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच आजाराने गेली होती; गाईचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत शिजवून त्यांना पाजले जाई. भांडी बदलली आणि आजार थांबला. तरीही तशीच भांडी वापरणाऱ्या प्रत्येक घरात तो होत नव्हता. म्हणून काही मुलांत तांबे न सोसण्याची जन्मजात प्रवृत्ती असावी, असे मानले जाते.

भारतात स्टेनलेस स्टील घरोघरी पोचले, पुणे परिसरात आयांना भांडी बदलण्याचा सल्ला दिला गेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हा आजार दुर्मीळ झाला. बाळाचे यकृत वाढलेले दिसले, तर दूध कोणत्या भांड्यातले, हा प्रश्न बालयकृततज्ज्ञांनी आजही विचारायला हवा. पितळी भांडी हौसेने पुन्हा घरात येत असताना त्यांना वेळच्या वेळी कल्हई लावून घ्यावी, पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे आणि पुढे वरचे दूध स्टीलच्या भांड्यातच तापवावे व ठेवावे.