उष्णगृहातील घड्याळ : स्वेदन, कालमापन आणि स्मार्टवॉच यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

घड्याळ खिशातून मनगटावर आले, तेव्हापासून ते उतरवून ठेवण्याचे प्रसंग क्रमाक्रमाने कमी होत गेले. प्रारंभी स्नान, पोहणे, व्यायाम आणि झोप या वेळी घड्याळ काढून ठेवण्याची रीत होती. विसाव्या शतकात जलरोधक घड्याळे आली आणि पाण्याचे भय ओसरले. एकविसाव्या शतकातील स्मार्टवॉचने तर अखंड परिधान हीच जणू अट घातली. कारण नाडी, झोप व हालचाल यांची नोंद खंडित झाली तर तिचे मूल्य कमी होते. या प्रवासात सॉना आणि बाष्पगृह ही दोन स्थळे मात्र अपवाद म्हणून शिल्लक राहिली आहेत. व्यायामशाळा, हॉटेले व आरोग्यकेंद्रे यांतून ही उष्णगृहे आज भारतीय शहरांतही परिचित झाली आहेत. त्यामुळे ज्या घड्याळावर ‘५० मीटर’ असे लिहिलेले आहे, ते वाफेत नेण्यास हरकत का असावी, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो.

वरवर पाहता हा प्रश्न तांत्रिक आहे. परंतु त्याच्या मुळाशी दोन स्वतंत्र इतिहास आहेत. पहिला, घड्याळाला उष्णता व पाणी यांपासून वाचविण्याचा. आणि दुसरा, उष्ण खोलीत माणसाने किती काळ थांबावे हे ठरविण्याचा. प्रस्तुत लेखात या दोन्ही इतिहासांचा मागोवा घेतला आहे. घड्याळाने उष्णतेवर व पाण्यावर मिळविलेले विजय वेगवेगळ्या काळातील व मर्यादित स्वरूपाचे होते. उष्णता आणि बाष्प एकत्र येतात त्या ठिकाणी ते लागू पडत नाहीत. आणि त्या ठिकाणी बाहेर पडण्याची वेळ सांगणारे मूळ साधन शरीर हेच राहिले आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्राचीन उष्णगृहे आणि शरीराची साक्ष

भारतीय वैद्यकात स्वेदन ही सुप्रतिष्ठित चिकित्सा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार वर्णिलेले आहेत. त्यांपैकी ‘जेन्ताक’ हा प्रकार आजच्या सॉनाशी विलक्षण साम्य दाखवितो. जलाशयाच्या काठी वर्तुळाकार कूटागार उभारावे, त्याला अनेक झरोके ठेवावेत, भिंतीच्या कडेने आत बसण्याची पिंडिका बांधावी व मध्यभागी बारीक छिद्रे असलेली भट्टी असावी, असे त्याचे वर्णन आहे. लाकडे पूर्ण जळून धूर नाहीसा झाल्यावरच रुग्णाने आत जावयाचे असते.

या वर्णनातील एक सूचना कालमापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. घाम आणि मूर्च्छा यांनी व्याकूळ झाले तरी रुग्णाने पिंडिका सोडू नये, असे त्याला बजावले आहे. कारण आधार सुटला तर दाराची वाट सापडणार नाही आणि प्राणावर बेतेल. बाहेर केव्हा यावे, याचे उत्तर मात्र घटिकांत दिलेले नाही. घाम नीट वाहिला, ताठरपणा, बधिरता, वेदना व जडपणा गेला आणि शरीर हलके वाटू लागले, की पिंडिकेच्या आधारानेच दाराकडे यावे. बाहेर आल्यावर डोळ्यांच्या रक्षणासाठी एकदम थंड पाण्याचा वापर करू नये, आणि मुहूर्तभराने, ताप व थकवा शमल्यावर, कोमट पाण्याने स्नान करावे, असे सांगितले आहे. कालाचे माप येथे विश्रांतीसाठी आले आहे. आतील मुक्कामाचे माप शरीरलक्षणे हेच आहे. गर्भिणी, मद्यपी, पित्तप्रकृतीच्या व्यक्ती इत्यादींना स्वेदन निषिद्ध मानले आहे. म्हणजे ‘किती वेळ’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणी’ हा प्रश्न विचारलेला आहे.

फिनलंडमधील सॉनाची परंपरा याहून भिन्न भूमीतील असली, तरी तिची बांधणी समान जाणिवेतून झालेली दिसते. लाकडी खोली, तापलेले दगड आणि त्यांवर शिंपडलेल्या पाण्यातून उठणारी वाफ ही तिची मुख्य अंगे होत. आतील बाके लाकडाची असतात, कारण लाकूड उष्णता मंद गतीने वाहून नेते. फिनलंडच्या सॉना संस्कृतीचा समावेश २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

१७७४ : तापलेल्या खोलीत घड्याळाची साखळी

उष्ण खोली ही प्रायोगिक विज्ञानाचा विषय बनली ती अठराव्या शतकात. १७७४ मध्ये लंडन येथे डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी तापविलेल्या खोल्यांत चार्ल्स ब्लॅग्डेन, जोसेफ बँक्स, डॅनिएल सोलँडर आदी मंडळी शिरली. प्रथम पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या जवळपासचे तापमान आणि पुढील प्रयोगांत २६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअस इतके कोरडे तापमान त्यांनी काही मिनिटे सहन केले. त्याच खोलीत अंडी भाजली गेली आणि मांस शिजले. परंतु माणसांचे शारीरिक तापमान फारसे वाढले नाही. ब्लॅग्डेन यांचे वृत्तांत १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

या वृत्तांतात एक लहानशी नोंद आहे. खोलीतील हवा केवळ त्रासदायक वाटत होती, परंतु धातूच्या वस्तू, अगदी घड्याळांच्या साखळ्यासुद्धा, इतक्या तापल्या होत्या की त्यांना क्षणभर हात लावणेही कठीण झाले. हवा आणि धातू यांचे तापमान सारखेच असले, तरी धातू आपली उष्णता त्वचेला त्वरेने देतो. दुसरे निरीक्षणही तितकेच बोलके होते. पाराभर्‍या तापमापकावर फुंकर घातली की पारा खाली येई. म्हणजे त्या खोलीत मनुष्याचा श्वास हीच थंड वस्तू होती. साधने खोलीचे तापमान सांगत होती. शरीर मात्र घामाच्या बाष्पीभवनाने स्वतःचे वेगळे तापमान टिकवून होते.

बाष्पगृहात हेच संरक्षण दुर्बल होते. तेथील तापमान बहुधा ४० ते ५० अंश सेल्सिअस, म्हणजे सॉनाच्या ८० ते १०० अंशांपेक्षा बरेच कमी असते. पण हवा बाष्पाने संपृक्त असल्यामुळे घाम उडून जात नाही आणि तुलनेने थंड असलेल्या त्वचेवर व घड्याळावर वाफेचे पाणी होते. म्हणून केवळ अंशांच्या आकड्यावरून या दोन उष्णगृहांची तुलना करणे योग्य ठरत नाही.

उष्णतेवरील विजय : हॅरिसन ते क्वार्ट्‌झ

घड्याळाचा उष्णतेशी झगडा जुना आहे. तापमान वाढले की पोलादी स्प्रिंगची लवचीकता बदलते व घड्याळ मागे पडते. सागरी रेखांश निश्चितीसाठी झटणार्‍या जॉन हॅरिसन यांनी दोन धातूंच्या जोडपट्टीचा उपयोग करून हा दोष आवरला. त्यांचे ‘एच-४’ हे घड्याळ १७५९ मध्ये पूर्ण झाले आणि १७६१-६२ मध्ये जमैकाच्या सफरीवर त्याची परीक्षा झाली. पुढे शार्ल एदुआर गियोम यांनी तापमानाने अत्यल्प प्रसरण पावणारा ‘इन्व्हार’ हा निकेल-पोलाद मिश्रधातू १८९६ मध्ये शोधला. निकेल-पोलाद मिश्रधातूंवरील या कार्याबद्दल त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६९ मध्ये जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. आज प्रचलित असलेला क्वार्ट्‌झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो आणि सुमारे २५ अंश तापमानास तो सर्वाधिक अचूक असतो. त्यापासून तापमान जितके दूर जाईल, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात चूक वाढते. स्फटिक ८० अंशांपर्यंत तापला असे मानले, तरी ही चूक दिवसाला सुमारे ९ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांत सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी भरते. म्हणजे वेळ दाखविणे या मूळ कार्यापुरता उष्णतेचा प्रश्न सुटलेला आहे. सॉनात घड्याळाची अडचण होते ती वेळ चुकण्यामुळे नव्हे.

पाण्यावरील विजय : थंड पाण्याची कसोटी

रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ हे घड्याळ सादर केले. त्याचे झाकण, काच आणि चावी आवळून बंद केलेली होती. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी मर्सिडीस ग्लाइट्झ यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. ती पार करणार्‍या त्या पहिल्या ब्रिटिश महिला होत. परंतु त्यानंतर आणखी एका महिलेने केलेला असा दावा खोटा ठरल्याने सर्वांवरच संशय निर्माण झाला आणि ग्लाइट्झ यांनी २१ ऑक्टोबर रोजी पुन्हा पाण्यात उतरण्याचे ठरविले. या वेळी त्यांच्या गळ्यात ऑयस्टर घड्याळ होते. दहा तासांहून अधिक काळ पोहल्यानंतर थंडीने गारठलेल्या ग्लाइट्झ यांना पाण्याबाहेर काढावे लागले. घड्याळ मात्र चालू होते. कंपनीने ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात केली. जलरोधकतेची लोकमानसातील प्रतिमा घडली ती अशी, थंड समुद्रात.

पुढे प्रमाणीकरण झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ २२८१० या मानकात पाण्याच्या दाबाबरोबर तापमानबदलाचीही चाचणी आहे. तीत घड्याळ ४० अंश, २० अंश आणि पुन्हा ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले जाते. याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘५० मीटर’ ही नोंद दाबाविषयी आहे. ८० किंवा ९० अंशांच्या हवेविषयी ती काहीही सांगत नाही.

उष्णगृहातील धोक्याची प्रक्रियाही वेगळी आहे. बंद डबीतील हवा ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे सोळा टक्क्यांनी वाढतो. उष्णतेने मऊ झालेल्या किंवा जुन्या रबरी सीलमधून त्यातील थोडी हवा निसटली आणि लगेच थंड पाण्याचा शॉवर घेतला, तर आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो व ओलावा आत ओढला जातो. चरकसंहितेतील थंड पाण्याविषयीची सावधगिरी शरीरासाठी होती. सॉनातून थेट थंड पाण्यात जाण्याची सवय घड्याळाच्याही हिताची नाही, हे येथे लक्षात येते.

स्मार्टवॉच : साधनाचे बदललेले स्वरूप

अ‍ॅपल वॉच एप्रिल २०१५ मध्ये बाजारात आले. त्याच्या वापरासाठी सभोवतालचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस सांगितलेले होते. २०१६ मध्ये आलेल्या दुसर्‍या मालिकेला ५० मीटरची जलरोधकता लाभली, परंतु तापमानाची ही मर्यादा वाढली नाही आणि अशी घड्याळे सॉना व बाष्पगृहात वापरू नयेत, असा कंपनीचा सल्ला राहिला. २०२२ मधील ‘अल्ट्रा’ प्रकारासाठी मनगटावरील वापराची मर्यादा ५५ अंशांपर्यंत नेण्यात आली. ही मर्यादाही फिनिश सॉनाच्या तापमानाखालीच आहे.

याचे एक प्रमुख कारण लिथियम-आयन बॅटरी होय. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली व तिच्या विकासाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तीव्र उष्णतेत या बॅटरीतील अनिष्ट रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि तिची क्षमता कायमची घटते. स्प्रिंगच्या घड्याळाला अशी दुखरी जागा नव्हती.

दुसरा मुद्दा मोजलेल्या आकड्यांच्या अर्थाचा आहे. स्मार्टवॉच त्वचेवर प्रकाश टाकून, परत येणार्‍या प्रकाशातील चढउतारांवरून नाडी मोजते. उष्णगृहात घामामुळे पट्टा सरकतो व संवेदकाचा संपर्क अनिश्चित होतो. नाडी अचूक मोजली गेली, तरी तिचा अर्थ बदललेला असतो. तेथे हृदयाची गती वाढते ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते म्हणून. स्नायूंच्या श्रमामुळे नव्हे. त्यामुळे नाडीवरून काढलेला कॅलरींचा हिशेब येथे दिशाभूल करतो. बाहेर आल्यावर कमी भरणारे वजनही मुख्यत्वे घामावाटे गेलेल्या पाण्याचे असते.

आकड्यांचा मोह आणि त्याची किंमत

फिनलंडमधील हाइनोला येथे १९९९ पासून जागतिक सॉना स्पर्धा भरत असे. ११० अंश तापमानात, ठरावीक अंतराने दगडांवर पाणी ओतले जात असताना, जो अधिक काळ बसेल तो विजयी, असा नियम होता. २०१० च्या अंतिम फेरीत सुमारे सहा मिनिटांनंतर दोन्ही स्पर्धक कोसळले. रशियाचा स्पर्धक मरण पावला आणि फिनलंडचा गंभीर भाजला. त्यानंतर ही स्पर्धा कायमची बंद झाली. शतकानुशतके शरीराच्या साक्षीने चाललेल्या एका परंपरेत कालमापन हेच साध्य झाले, तेव्हा काय घडले याचे हे उदाहरण आहे.

याउलट, पूर्व फिनलंडमधील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या सुमारे वीस वर्षांच्या पाहणीवर आधारित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार सॉना घेणार्‍यांमध्ये हृदयविकाराने अकस्मात मृत्यू येण्याचे प्रमाण कमी आढळले. हा केवळ सहसंबंध आहे, कार्यकारणभावाची सिद्धता नव्हे. तथापि ही माहिती १९८० च्या दशकात, माणसांना त्यांच्या सवयी विचारून संकलित झाली होती, ही बाब लक्षणीय आहे. सॉनाविषयीचे हे महत्त्वाचे ज्ञान कोणाच्याही मनगटावरील यंत्राविना उभे राहिले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हॅरिसन आणि गियोम यांनी उष्णतेपासून वाचविले ते घड्याळाच्या गतीला. ऑयस्टरने सिद्ध केले ते थंड पाण्यातील टिकाऊपण. उष्णता, बाष्प आणि लगेच येणारी थंडी यांचा एकत्रित मारा या दोहोंच्या कक्षेबाहेरचा होता. स्मार्टवॉचने त्यात नाजूक बॅटरीची भर घातली आणि वेळेऐवजी शरीराविषयी बोलण्याचे काम पत्करले.

उष्णगृहात काळाचे भान नको, असा याचा अर्थ नाही. भिंतीवरील वाळूचे घड्याळ व लाकडी चौकटीतील तापमापक ही साधी साधने तेथे पुरेशी ठरतात. ती केवळ खोलीविषयी बोलतात आणि शरीराविषयीचा निर्णय शरीरावर सोपवितात. विशेषतः हृदयविकार किंवा रक्तदाबाच्या रुग्णांनी मनगटावरील आकडा ‘सुरक्षित’ दिसतो म्हणून बसून राहणे धोक्याचे आहे. आत जावे की नाही, हे त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने आधीच ठरविलेले बरे. आणि चक्कर, मळमळ किंवा छातीत अस्वस्थता जाणवताच, घड्याळात कितीही वाजले असले तरी, दाराकडे वळावे. जेन्ताकगृहातील रुग्णाला पिंडिका न सोडण्याची ताकीद होती ती दार सापडावे म्हणून. घड्याळ बाहेर काढून ठेवणार्‍याने दाराचे हे भान मात्र आत जाताना सोबत नेणे अगत्याचे आहे.