मेलबर्नच्या विद्यार्थ्यांचा उपग्रह

सुताराची पोलादी टेप गुंडाळली की डबीत मावते आणि सोडली की आपोआप ताठ उभी राहते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हा गुण हेरला व आपल्या उपग्रहाचे एरियल अशाच टेपचे केले. श्रोत्यांस हा पोरखेळ वाटेल. परंतु अग्निबाणाच्या माथ्यावर जागा तोकडी, आणि वर गेल्यावर एरियल तर लांब हवा, ही अडचण याहून स्वस्तात सुटण्याजोगी नव्हती.

ही मंडळी मूळची श्रोतेच. परकीय उपग्रहांचे संकेत ऐकता ऐकता १९६६ च्या सुमारास स्वतःच एक उपग्रह बांधावा असे त्यांच्या मनाने घेतले. त्याचे नाव 'ऑस्ट्रेलिस'. वजन सुमारे १८ किलोग्रॅम, आकार लहानशा सूटकेसएवढा. सौरघट नव्हतेच, बॅटऱ्या संपल्या की आयुष्य संपले. आत एक लोहचुंबक होता. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या रोखाने उपग्रहास वळवी, आणि जोडीला बसविलेल्या मिश्रधातूच्या कांड्या त्याचे गरगरणे जिरवीत. यास इंधन लागत नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला, तोही चुंबकाच्याच आधाराने स्थिर राहावा अशी त्याची योजना होती.

१९६७ च्या मध्यास 'ऑस्ट्रेलिस' तयार होऊन कॅलिफोर्नियास पोहोचला आणि तेथेच पडून राहिला. त्याला वर नेणारा अग्निबाण मिळेना. तेवढ्यात २९ नोव्हेंबर १९६७ रोजी सरकारी 'रेसॅट' वूमेराहून उडाला व ऑस्ट्रेलियाचा पहिला उपग्रह हा मान त्यास लाभला. त्याचा अग्निबाण तरी कुठे घरचा होता! तोही अमेरिकेनेच दिलेला. पण आधी तयार झालेला मागे राहिला तो राहिलाच.

१९६९ साली वॉशिंग्टन येथे हौशी बिनतारीवाल्यांनी 'ॲमसॅट' ही संस्था काढली, आणि तिने हे अडलेले काम अंगावर घेतले. २३ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेच्या एका हवामान-उपग्रहासोबत 'ऑस्ट्रेलिस' कक्षेत गेला. त्याचे नाव झाले 'ऑस्कर ५'. मोर्सच्या लिपीत तो 'हाय' म्हणे. मग बॅटरीचा दाब, तपमान वगैरे निरनिराळ्या स्वरांनी कळवी. बॅटरी वाचविण्यासाठी त्याचा एक प्रक्षेपक जमिनीवरून बंद-चालू करता येई. हौशी मंडळींच्या उपग्रहांत ही सोय प्रथम यातच झाली.

सुमारे दीड महिन्याने बॅटऱ्या संपल्या. चौदाशे किलोमीटरहून अधिक उंचीवर हवेचा अडसर जवळजवळ नसल्यामुळे तो मुका डबा अद्याप पृथ्वीभोवती फिरत आहे.