कुत्रा हरवला तर काय करायचं? सीसीटीव्ही, व्हॉट्सअॅप, ट्रॅकर आणि मायक्रोचिप नेमके कसे कामी येतात

"चिप बसवलीये ना त्याला, मग मोबाईलवर लोकेशन का दिसत नाही?" कुत्रा हरवलेल्या माणसाकडून हा प्रश्न मी आतापर्यंत तीन-चार वेळा तरी ऐकलाय. उत्तर सरळ आहे: चिपमध्ये जीपीएस नसतो, त्यामुळे लोकेशन कधीच दिसणार नाही. पण कुत्रा हरवलेला असताना हे कळलं, तर माणूस आणखीनच खचतो. म्हणून या लेखात आधी कुत्रा हरवल्यावर काय करायचं ते सांगतो आणि चिप, ट्रॅकर वगैरे गोष्टी त्यानंतर. कारण तुम्ही हा लेख शोधून वाचत असाल, तर बहुधा तुमच्याकडे वेळ कमी आहे.

पहिला तास चालण्याचा

फोटो टाकण्याआधी घराबाहेर पडा. एकाला घरीच थांबू द्या आणि दार किंवा गेट उघडं ठेवायला सांगा, कारण बरेच कुत्रे आपल्या वासाच्या मागावर स्वतःच परत येतात. बाकीच्यांनी वेगवेगळ्या दिशांना जायचं. व्हॉट्सअॅपवर एक छोटा ग्रुप करा आणि सगळ्यांनी त्यात लाइव्ह लोकेशन शेअर करा. त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय येतात, त्यातला ८ तासांचा निवडा. कोण कुठल्या गल्लीत आहे हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे चौघं मिळून एकच रस्ता चारदा पालथा घालत नाहीत. साधी गोष्ट आहे, पण घाईत कुणाला सुचत नाही.

पार्किंगमधल्या गाड्यांखाली, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, बांधकामाच्या साइटवर बघा. अंधारात टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरा. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे काळा कुत्रासुद्धा चमकणाऱ्या दोन ठिपक्यांवरून ओळखू येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घाबरलेला कुत्रा हाक मारली तरी येत नाही, कधी कधी मालकालाही ओळखल्यासारखं करत नाही. फटाक्यांना घाबरून पळालेला असेल तर हमखास असंच होतं. तो दिसला की त्याच्याकडे धावू नका. तुम्ही धावलात की तो अजून लांब पळेल आणि नेमका रस्त्यावर जाईल. खाली बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करा, थेट डोळ्यांत बघू नका, रोजच्या आवाजात काहीतरी बोलत राहा. त्याच्या ओळखीचा आवाज करा: बिस्किटाचा पुडा, पट्ट्याची कडी, खाण्याचं भांडं. वेळ लागतो. जमलेल्या लोकांना लांब थांबवणं हे त्या वेळी एका माणसाचं पूर्णवेळ काम असतं.

परदेशी वेबसाइटवर एक सल्ला हमखास दिसतो, की हरवला त्या जागी खाणं ठेवून द्या. आपल्याकडे तसं करू नका. गल्लीतले कुत्रे तिथे जमतील आणि तुमचा कुत्रा त्या बाजूला फिरकणारच नाही. त्याऐवजी त्याचं अंथरूण किंवा तुमचा वापरलेला टी-शर्ट ठेवा. आणि रात्री कान उघडे ठेवा. गल्लीतले कुत्रे अचानक एका दिशेला तोंड करून भुंकायला लागले, तर त्यांच्या हद्दीत कुणीतरी परका आलाय. तो तुमचाच असेल असं नाही, पण जाऊन बघा.

सीसीटीव्ही: फुटेज पाहण्याची पद्धत

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो आणि सगळ्यात पक्की माहितीही इथेच मिळते. "मी पाहिला त्याला, तिकडे गेला" असं सांगणारे लोक दुसऱ्याच कुत्र्याबद्दल बोलत असू शकतात. कॅमेऱ्यात मात्र तुमचा कुत्रा तुम्ही स्वतः ओळखता.

आधी डीव्हीआरचं घड्याळ तपासा. फुटेज सुरू करण्यापूर्वी स्क्रीनवरची चालू वेळ आणि तुमच्या मोबाईलवरची वेळ शेजारी ठेवून एक फोटो काढा. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला नसेल तर त्याचं घड्याळ हळूहळू सरकत जातं, आणि ते कुणी दुरुस्त करत नाही. प्रत्येक कॅमेऱ्यातला हा फरक वहीत लिहून ठेवा. नाहीतर मेडिकलच्या कॅमेऱ्यात कुत्रा ८ वाजून ५ मिनिटांनी आणि तुमच्या गेटवर ८ वाजून १२ मिनिटांनी दिसेल, आणि तो नेमका गेला कुठून कुठे हे उलटंच वाटेल.

गेल्या दिवाळीत आमच्या मजल्यावरच्या काकूंचा बंड्या पळाला. पुण्यात सिंहगड रोडला आमची सोसायटी आहे. बंड्या म्हणजे तपकिरी रंगाचा साधा देशी कुत्रा, गळ्यात तेव्हा पट्टाही नव्हता. काका गेल्यापासून काकूंच्या घरात तो आणि त्या, एवढेच. काकूंनी त्याला शेवटचं सव्वासात वाजता पाहिलं होतं आणि तो नाही हे लक्षात आलं आठ चाळीसला. वॉचमन म्हणत होता मेन गेटमधून गेला नाही. मागचं छोटं लोखंडी दार एरवी बंद असतं, ते मात्र आम्हाला उघडं सापडलं.

म्हणजे ८५ मिनिटांचं फुटेज. ते सुरुवातीपासून बघत बसलं तर फास्ट फॉरवर्ड करूनही डोळ्यांतून निसटतं. इथे आमच्या धंद्यातली बायनरी सर्च कामाला येते. बरोबर मध्यावर जा आणि बघा, दार उघडं आहे की बंद? बंद असेल तर ते नंतर उघडलं, म्हणजे पहिला अर्धा भाग बाद. उघडं असेल तर दुसरा अर्धा बाद. उरलेल्याच्या मध्यावर जा. ८५ मिनिटांतून नेमकं मिनिट काढायला जास्तीत जास्त सात वेळा बघावं लागतं. मात्र ही युक्ती एकदा बदलली की तशीच राहणाऱ्या गोष्टीलाच लागू होते: उघडं राहिलेलं दार, तुटलेली दोरी, रिकामी झालेली जागा. रस्त्यावरून दोन सेकंदात पळत गेलेला कुत्रा असा सापडणार नाही. तिथे आधीच्या कॅमेऱ्यावरून वेळ काढून फक्त पाच-सात मिनिटांचा तुकडा बघायचा.

आम्ही तसंच केलं. दार सात एक्कावन्नला उघडलं आणि दोनच मिनिटांत बंड्या बाहेर. मग रस्त्यावर डावीकडे की उजवीकडे? दोन्ही बाजूंच्या पहिल्या दुकानात विचारलं. उजवीकडच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तो नव्हता, डावीकडच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात होता. पुढच्या चौकात पुन्हा तेच. तिसऱ्या कॅमेऱ्यात तो कॅनॉलच्या बाजूला वळताना दिसला, आणि तिथून पुढे कॅमेरेच नव्हते. पण सगळ्या बाजूंना शोधण्याऐवजी आता कॅनॉलकडेचा एकच पट्टा उरला होता.

दुकानदाराकडे मागताना "फुटेज दाखवा" म्हणू नका, "सात पन्नास ते आठ, फक्त दहा मिनिटं" असं म्हणा. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दाखवणं त्याच्यावर बंधनकारक नाही, तो मदत म्हणून दाखवतो. मिळालं की स्क्रीनचा मोबाईलने व्हिडिओ काढून घ्या. आणि उशीर करू नका, डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

बंड्या दुसऱ्या रात्री, खरं तर पहाटे साडेचारला, कॅनॉलजवळ उभ्या केलेल्या एका टेम्पोखाली सापडला. त्या वेळी रस्ता शांत असतो, म्हणून आम्ही मुद्दाम तेव्हा गेलो होतो. आम्हा तिघांना बघून तो आत आत सरकत गेला. काकू रस्त्यावर मांडी घालून बसल्या आणि पारले-जीचा पुडा चुरगाळत राहिल्या, वीस-पंचवीस मिनिटं. आम्ही लांब उभे.

व्हॉट्सअॅपवर मेसेज कसा टाकायचा

एकच फोटो, आणि सगळी माहिती त्याच फोटोच्या कॅप्शनमध्ये. फोटो वेगळा आणि मजकूर वेगळा पाठवला तर पुढे जाताना दोघांची ताटातूट होते. त्यात तारीख वर्षासकट लिहा, शेवटचा दिसल्याची जागा आणि वेळ लिहा, फोन नंबर लिहा. शक्य असेल तर नंबर फोटोवरही टाईप करा. "दिसल्यास पकडू नका, फोटो काढा आणि लगेच फोन करा" हे वाक्य नक्की घाला. मदत करायला आलेले लोक कुत्र्याला पळवून लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मेसेज "सगळीकडे फॉरवर्ड करा" म्हटल्याने फार लांब जात नाही, कारण व्हॉट्सअॅपने त्यावर मुद्दाम मर्यादा घातल्यात. एकदा फॉरवर्ड झालेला मेसेज पुढे एका वेळी एकाच ग्रुपला पाठवता येतो, आणि दोन बाणांचं चिन्ह आलं की एका वेळी एकाच चॅटला. म्हणून ओळखीच्यांना सांगा की फॉरवर्ड करू नका, फोटो सेव्ह करून स्वतःचा नवीन मेसेज म्हणून टाका. लोकही "फॉरवर्डेड" लिहिलेलं न वाचता पुढे ढकलतात, ओळखीच्या माणसाने स्वतः लिहिलेलं वाचतात.

तारखेचा आग्रह यासाठी की कुत्रा सापडला तरी मेसेज फिरतच राहतो. "सगळ्यांसाठी डिलीट" हा पर्याय साधारण दोन दिवसच चालतो, आणि इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रतींना तो लागूच होत नाही.

पण खरं सांगू का, मोबाईलवरच्या हजार लोकांपेक्षा पहाटे रस्त्यावर असणारी दहा माणसं जास्त उपयोगी असतात. दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, सफाई कामगार, घंटागाडीवाले, वॉचमन, रिक्षा स्टँड, आणि भटक्या कुत्र्यांना रोज खायला घालणारी मंडळी. यांच्या हातात छापील कागद द्या. कागदावर नंबर इतका मोठा हवा की चालत्या गाडीवरून वाचता येईल. क्यूआर कोडची हौस इथे नको.

फोन येऊ लागले की

नंबर जाहीर झाला की भामटेही फोन करतात. "तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे, आधी गाडीभाड्याचे पैसे पाठवा" हा नेहमीचा प्रकार. यावर उपाय म्हणून कुत्र्याची एक खूण जाहिरातीत देऊच नका: पोटावरचा डाग, वाकडं नख, काहीही. फोन करणाऱ्याला ती विचारा. नुसत्या फोटोवर भरवसा ठेवू नका, तुम्ही टाकलेल्या फोटोवरून एआयने नवा फोटो बनवणं आता कुणालाही जमतं. व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि ती खूण दाखवायला सांगा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, त्यामुळे "बक्षीस परत करतो, कोड स्कॅन करा" म्हणणारा चोरच. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा.

खरे वाटणारे फोन जागा आणि वेळेसह नकाशावर टाका. गुगल माय मॅप्समध्ये हे फुकट करता येतं. पाच-सहा पिना झाल्या की एखादी दिशा दिसायला लागते, आणि भलतीच पिन कुठली तेही कळतं.

महापालिकेची गाडी हाही एक धागा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांना पकडून नसबंदी आणि लसीकरण करतात, ओळखीसाठी कानाला खाच देतात आणि पुन्हा त्याच भागात सोडतात. पट्टा नसलेला देशी कुत्रा भटकाच समजला जाणार. अशा केंद्रावर फोनवर विचारून थांबू नका, फोटो घेऊन स्वतः जा. "तपकिरी, मध्यम उंचीचा" या वर्णनात तिथले निम्मे कुत्रे बसतात. कुणी उचलून नेल्याची शंका असेल तर पोलिसांत चोरीची तक्रार होते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३.

आता चिप आणि ट्रॅकर

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. ती सुईने मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर अगदी जवळ आणला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि १५ अंकी नंबर सांगते. बस, एवढंच. आयएसओच्या मानकातल्या चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात आणि मोबाईलमधलं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर, म्हणून फोन लावून चिप वाचता येत नाही. नंबरातले पहिले तीन अंक देशाचे असतात, भारताचे ३५६. ते ९०० किंवा त्यापुढचे असतील तर देशाऐवजी उत्पादकाचा कोड. तो नंबर कुठल्या यादीत, कुणाच्या नावावर आणि कुठल्या फोन नंबरासकट नोंदवलाय यावर सगळं अवलंबून आहे. चिप कुत्रा शोधत नाही, पण सापडलेला कुत्रा तुमचाच आहे हे सिद्ध करते.

एअरटॅग किंवा तसले ब्लूटूथ टॅगही जीपीएस नाहीत. आसपासून जाणाऱ्या अनोळखी लोकांचे फोन त्यांचा सिग्नल पकडतात आणि आपलं लोकेशन कंपनीकडे पोचवतात. एअरटॅगला त्यासाठी आयफोन लागतात. कोथरूडमध्ये चालेल, उसाच्या फडात नाही. अँड्रॉइडच्या फाइंड हबमध्ये सुरुवातीचं सेटिंग असं असतं, की अनेक फोनांनी टॅग पाहिला तरच जागा कळते, म्हणजे सामसूम रस्त्यावर तो मुका. लोकेशन दिसलं तर ते किती मिनिटांपूर्वीचं आहे तेही बघा, कुत्रा तिथे थांबलेला नसतो.

खरा जीपीएस ट्रॅकर उपग्रहांवरून आपली जागा काढतो आणि आतल्या सिमकार्डवरून ती तुमच्या फोनवर पाठवतो. त्यामुळे मोबाईल रेंज हवी, सिमचे पैसे भरत राहायला हवेत आणि चार्जिंग करायला हवं. दर मिनिटाला लोकेशन मागितलं तर बॅटरी लवकर संपते. फार्महाऊसवर राहणाऱ्या किंवा मोकळं सोडणाऱ्यांनी तो घ्यावा. फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी माझ्या मते पहिला खर्च पट्ट्यावर नंबर कोरलेल्या पितळी बिल्ल्याचा. त्याला बॅटरी, रेंज, अॅप काहीच लागत नाही, आणि दूधवाल्यालाही तो वाचता येतो.

चिप आधीच बसवलेली असेल तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना ती स्कॅन करायला सांगा. ती वाचली जाते ना, नंबर लसीच्या पुस्तकातल्याशी जुळतो ना, आणि नोंदणीत तुमचा सध्याचाच मोबाईल नंबर आहे ना, हे तिथल्या तिथे बघून घ्या.