वीस मैलांच्या आतले गाणे

आपल्या कार्यक्रमात पेटी वाजू लागली की कोणालाही ती परकी वाटत नाही. भजन असो की नाट्यगीत, पेटीवाचून आपले अडते. पण हे वाद्य मुळात आपले नव्हे. पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे ते हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या कारागिरांनी मांडी घालून बसणाऱ्याला सोयीची अशी हातपेटी केली. जाणत्यांना ती मुळीच आवडली नाही. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता आणि तो खराही होता. १९४० मध्ये तर आकाशवाणीने पेटीला बंदीच घातली, आणि ती अनेक वर्षे टिकली. घराघरांत मात्र पेटी वाजतच राहिली.

नाट्यसंगीताचे तेच. आपण त्याला अस्सल मराठी ठेवा म्हणतो, पण त्यात बाहेरचे किती! अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या १८८० च्या 'शाकुंतला'त साकी-दिंडीच्या शेजारी कर्नाटकी वळणाच्या चाली बसल्या. १९११ मध्ये 'मानापमान' आले तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-कजरीचा रंग मराठी पदांत आणला. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक, हेही ओघाने आलेच. बनारसचे गाणे ज्यांनी जन्मात ऐकले नव्हते ते प्रेक्षक बालगंधर्वांच्या भामिनीला 'वन्स मोअर' देत होते.

हे सगळे आठवायचे कारण, 'ही कसली धडधड, बंद कर ते' हे वाक्य आपल्या कुठल्या घरात उच्चारले गेले नसेल? १९९० च्या सुमारास ते ज्यांना ऐकावे लागले ती मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत, आणि तेच वाक्य मराठी-इंग्रजी मिसळून पुढच्या पिढीला ऐकवीत आहेत. ती धडधड आली कुठून, हे पाहायला लांब जायला नको. आपल्या शहरापासून वीस मैलांच्या आत सगळा इतिहास घडलेला आहे.

आधी बाथ. तिथल्या संगीत महोत्सवाचे सूत्रधार तेव्हा येहुदी मेन्यूहिन होते, म्हणजे पुण्याच्या अय्यंगार गुरुजींकडून योगासने शिकलेले ते व्हायोलिनवादक. १९६६ च्या महोत्सवात ते आणि रविशंकर एकत्र बसले आणि तिलंग रागावरची रचना वाजवली. पुढे त्यांची जी ध्वनिमुद्रिका निघाली तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आमचे मत विचाराल तर दोघेही फार अदबीने वाजवतात, पाहुण्याच्या घरी चहाचा कप जपून धरावा तसे. पण इतका मोठा वादक दुसऱ्याच्या संगीतापुढे विद्यार्थी होऊन बसला, हे इंग्लंडने पाहिले.

मग शेप्टन मॅलेट. पीटर गॅब्रिएल आणि ब्रिस्टलच्या काही तरुणांनी जगभरचे संगीत एका मैदानात आणायचे ठरवले आणि जुलै १९८२ मध्ये पहिला 'वोमॅड' महोत्सव भरवला. बुरुंडीचे ढोलवाले आणि लिव्हरपूलचा रॉक बँड एकाच मंचावर! खर्च मात्र इतका अंगावर आला की कर्ज फेडण्यासाठी गॅब्रिएलना आपल्या सोडलेल्या 'जेनेसिस' बँडबरोबर त्याच ऑक्टोबरात पुन्हा उभे राहावे लागले. (कार्यक्रमाचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या कार्यकारिणीला यात थोडे समाधान वाटावे.) महोत्सव मात्र बंद पडला नाही. १९८५ मध्ये त्याच 'वोमॅड'मध्ये नुसरत फतेह अली खान गायले, आणि बाथपलीकडच्या बॉक्स गावात गॅब्रिएलनी जो स्टुडिओ उभारला तिथे त्यांचे ध्वनिमुद्रण होऊ लागले.

आता खुद्द ब्रिस्टल. आपल्यापैकी अनेकांना इथे आल्याआल्या पहिला सल्ला मिळाला तो 'सेंट पॉल्समध्ये घर घेऊ नका' हा. १९८० च्या दंगलीनंतर तर तो ठरूनच गेला. त्या वस्तीत १९४८ नंतर जमैका, बार्बाडोस अशा बेटांवरून आलेली कुटुंबे राहत होती. गोऱ्यांच्या पबांत आणि डान्सहॉलांत त्यांचे स्वागत नव्हते. म्हणून घराच्या तळघरातच मोठाले स्पीकर रचून ते आपले गाणे लावीत. याच लोकांनी १९६३ मध्ये शहराच्या बसवर बहिष्कार टाकला, कारण बसकंपनी गोऱ्यांखेरीज कोणाला ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती. कंपनी नमली. त्यानंतर जो पहिला कंडक्टर नेमला गेला तो रघबीर सिंग नावाचा शीख! लढा त्यांनी दिला आणि दार आपल्यालाही उघडले. सल्ला देणाऱ्यांनी हे कधी सांगितले नाही.

त्यांच्या संगीतात 'डब' नावाचा प्रकार आहे. तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून घ्यायचा, ठेका आणि खर्ज तेवढा ठेवायचा, आणि मधूनच एखादा शब्द विहिरीत हाक मारल्यासारखा घुमवायचा. हे ऐकत वाढलेल्या काळ्या-गोऱ्या पोरांनी 'मॅसिव्ह अटॅक' हा गट काढला. १९९० मध्ये नुसरतांची 'मस्त मस्त' ही कव्वाली त्यांच्या हाती आली. त्यांनी तिला सेंट पॉल्सचा खर्ज दिला, आणि ज्यांना कव्वाली हा शब्द माहीत नव्हता ते क्लबात तिच्यावर नाचू लागले. १९९१ ला त्यांचा पहिला संच 'ब्लू लाइन्स' निघाला. पुढे पोर्टिसहेड (या नावाने आम्हाला अजून समुद्राकाठचे फिरणेच आठवते) आणि रॉनी साइझ यांना मर्क्युरी पारितोषिके मिळाली, ती १९९५ आणि १९९७ मध्ये.

ही भेसळ आहे का? आहेच. पण टेंब्यांनी केली तीही भेसळच होती. फरक इतकाच की तिला शंभर वर्षे झाली आणि आपण तिला परंपरा म्हणू लागलो. सगळी भेसळ चांगली होते असे मात्र नाही. तबल्याचे चार बोल वर शिंपडून 'भारतीय' म्हणून विकलेले पुष्कळ भिकार संगीतही त्याच काळात निघाले. नुसरतांच्या गाण्याला धक्का लागला नाही, कारण खाली चाललेला खर्ज तंबोऱ्यासारखा एका जागी ठाम राहतो आणि गळ्याला वर मोकळे सोडतो.

दिवाळीच्या सुट्टीत मुले-नातवंडे घरी असतील तेव्हा करून पाहा. आधी नुसरतांची मूळ कव्वाली लावा, मग मॅसिव्ह अटॅकने केलेली, आणि लगेच 'मानापमान'मधले एखादे पद. शेवटची फर्माईश आपली, त्याआधीच्या दोन त्यांच्या, म्हणजे तक्रार राहणार नाही. मात्र घर टेरेसमधले असेल तर मधल्या गाण्याला आवाज बेताचा ठेवा. तो खर्ज भिंतीतून सरळ शेजारच्यांच्या कपाटातल्या कपबशांपर्यंत जातो.