आल्प्समधील आश्रयगृहे : वाट, मालकी आणि प्रवेशाचा प्रश्न

ऑस्ट्रियातील टायरोल प्रांतात झिलरटाल नावाचे खोरे आहे. त्या खोऱ्याच्या माथ्याभोवती फिरणारी आणि साधारणतः सात-आठ दिवसांत पुरी होणारी एक पायवाट ‘बर्लिनर ह्योहेनवेग’, म्हणजे बर्लिनकरांचा उंचावरील मार्ग, या नावाने ओळखली जाते. तिचा आरंभ व शेवट मायरहोफेन या गावाच्या परिसरात होतो. मधल्या दिवसांत प्रवासी वस्तीपर्यंत क्वचितच खाली उतरतो. दिवसभर चालावे, सायंकाळी एखाद्या आश्रयगृहात मुक्काम करावा, तेथेच जेवून निजावे आणि उजाडताच पुढल्या आश्रयगृहाची वाट धरावी, असा या प्रवासाचा क्रम आहे. दोन आश्रयगृहांतील अंतर कोसांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. कारण चढउतार इतका आहे की लांबीवरून काहीच बोध होत नाही. सर्वांत उंच टप्पा श्योनबिखलर हॉर्न या शिखराजवळून जातो व तेथे उंची ३,१०० मीटरच्या वर जाते.

ही वाट निसर्गदत्त नाही आणि गुराख्यांच्या वहिवाटीतूनही ती सर्वस्वी उपजलेली नाही. बर्लिन हे उत्तर जर्मनीच्या सपाट प्रदेशातील शहर. आल्प्सपासून ते कित्येकशे किलोमीटर दूर. त्या शहराचे नाव टायरोलमधील एका डोंगरवाटेला का मिळावे, या साध्या प्रश्नाचा पाठपुरावा केला म्हणजे आश्रयगृहांच्या संस्थेचे खरे स्वरूप उकलू लागते. उंचावरील छप्पर ही दयाधर्माची वस्तू आहे, सार्वजनिक सोय आहे, की मंडळाची खाजगी मालमत्ता आहे, याचा निर्णय या संस्थेच्या इतिहासात कधीच पुरता झाला नव्हता. आणि त्या अनिर्णयाची किंमत विसाव्या शतकात काही लोकांना फार जड पडली.

आल्प्समधील प्रवाशांची जुनी आश्रयस्थाने खिंडींत होती, शिखरांखाली नव्हती. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील (२,४६९ मीटर) धर्मशाळा अकराव्या शतकाच्या मध्यास स्थापन झाली. तेथील धर्मबंधू यात्रेकरू, व्यापारी, सैनिक यांपैकी कोणालाही दारात अडवीत नसत. येणाऱ्याला पलीकडे जायचे आहे एवढेच पुरे असे. शिखर गाठण्याच्या हेतूने डोंगरात शिरणारा मनुष्य ही अठराव्या शतकाची निर्मिती होय. जिनेव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी माँ ब्लाँच्या वाटेचा शोध लावणाऱ्यास १७६० मध्ये बक्षीस जाहीर केले, आणि १७८६ च्या ऑगस्टमध्ये बालमा व डॉ. पाकार हे त्या शिखरावर पोहोचले. या नव्या प्रवाशाची सोय जुन्या धर्मशाळेत होण्याजोगी नव्हती. त्याला रात्र काढावी लागे ती खडकाच्या कपारीत किंवा उन्हाळी कुरणांवरील गवळ्यांच्या झोपड्यांत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिर्यारोहण-मंडळे निघाली. लंडनचे १८५७ मध्ये, व्हिएन्नाचे १८६२ मध्ये, स्वित्झर्लंडचे व इटलीचे १८६३ मध्ये. स्विस मंडळाने स्थापनेच्याच वर्षी ट्योडी पर्वतावर ग्र्यूनहॉर्न येथे आपली पहिली कुटी उभारली. व्हिएन्नाचे मंडळ मात्र व्याख्याने आणि ग्रंथप्रकाशन यांतच अधिक रमले. या शहरी विद्वत्तेविषयी असंतुष्ट असलेल्यांत फ्रान्झ सेन या धर्मोपदेशकाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

सेन (१८३१–१८८४) हे १८६० पासून ओट्झटालमधील फेंट या गावी होते. गाव अगदी हिमनद्यांच्या पायथ्याशी; शेती नावापुरती. बाहेरचा प्रवासी आला तर गावकऱ्यांच्या हाती चार पैसे पडतील, हे त्यांनी ओळखले. धर्मगृहातच त्यांनी पाहुण्यांची सोय केली, वाटा बांधविल्या, तरुणांना वाटाड्याचे काम शिकविले, आणि या साऱ्यापायी स्वतः कर्जात बुडाले. १८६८ च्या नोव्हेंबरमध्ये होखयोख खिंड ओलांडताना हिमवादळात त्यांचा वाटाड्या सिप्रियान ग्रानबिखलर त्यांच्या समवेत असताना थंडीने मृत्यू पावला. उंचावर छप्पर हवे, हा सेन यांचा आग्रह केवळ पर्यटनाच्या हिशेबातून आलेला नव्हता, एवढे यावरून म्हणता येईल. त्याच वर्षी प्राग येथील व्यापारी योहान श्ट्यूडल यांनी स्वखर्चाने ग्रोसग्लॉकनर शिखराखाली एक आश्रयगृह बांधले होते. १८६९ मध्ये म्यूनिक येथे जर्मन आल्प्स-मंडळ स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत धर्मोपदेशक सेन व व्यापारी श्ट्यूडल हे दोघेही होते. १८७३ मध्ये हे मंडळ व व्हिएन्नाचे मंडळ एक झाले.

या संयुक्त मंडळाची रचना हीच पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली आहे. मध्यवर्ती सत्ता दुबळी आणि शहरोशहरीच्या शाखा स्वायत्त, अशी ती होती. प्रत्येक शाखेने आल्प्समध्ये एखादे कार्यक्षेत्र पत्करावे, तेथे वाटा काढाव्यात, खुणा रंगवाव्यात, आश्रयगृह बांधावे व ते चालवावे. भांडवल शहराचे, भूमी खेड्याची, श्रम स्थानिक गवंड्यांचे व ओझेवाल्यांचे. ब्रेनर खिंडीतून १८६७ मध्ये रेल्वे सुरू झाली होती. १९०२ मध्ये अरुंद मापाची लोहमार्गाची शाखा मायरहोफेनपर्यंत आली. मैदानातील नोकरदार मनुष्य उन्हाळ्याच्या रजेत हिमनदीपर्यंत पोहोचू लागला तो यामुळे.

बर्लिन शाखेच्या वाट्यास झिलरटालचा भाग आला. १८७९ मध्ये तिने २,०४२ मीटर उंचीवर ‘बर्लिनर ह्यूटे’ उघडले. ‘ह्यूटे’ म्हणजे झोपडी. पण पहिल्या महायुद्धापूर्वीच या झोपडीचा वाडा झाला होता. लाकडी तावदानांनी मढविलेले भव्य भोजनगृह, झुंबरे, स्वतःचे टपालघर, चर्मकाराची खोली, छायाचित्रे धुण्याची अंधारी खोली, इतका सरंजाम तेथे होता. (१९९७ मध्ये ही इमारत संरक्षित वास्तू ठरविण्यात आली.) १८८१ मध्ये प्राग शाखेने ओल्पेरर शिखराखाली कुटी बांधली, १८८९ मध्ये बर्लिनकरांनी फुर्टशागलहाउस उभारले, १८९३ मध्ये ग्राइझ येथील शाखेने आपले घर बांधले. एकेका शिखरासाठी बांधलेली ही सुटी सुटी घरे आडव्या वाटांनी जोडली जाऊ लागली, आणि शिखर न चढता एका घराहून दुसऱ्या घरी जाणे हाच स्वतंत्र प्रवासप्रकार झाला. आश्रयगृहांचा मूळ हेतू असा मागे पडला, ही गोष्ट जुन्या गिर्यारोहकांना रुचली नाही. १९२३ मध्ये ट्योल्झ येथे मंडळाने जे नियम संमत केले त्यांचा रोख ऐषआरामाविरुद्ध होता : घरे साधी असावीत, भोजन साधे असावे, नव्या वाटा व नवी घरे वाढवू नयेत.

या घरांचा दैनंदिन व्यवहार लक्षात घेण्यासारखा आहे. आलेल्याने नोंदवहीत आपले नाव आणि उद्याचा मुक्काम लिहावा. यात सौजन्याचा भाग थोडा आणि सुरक्षिततेचा अधिक. कोणी बेपत्ता झाला तर शोध कोठून आरंभावा हे त्या ओळीवरून कळते. सभासदास दर कमी आणि बिछान्यावर पहिला हक्क; इतरांस उरलेली जागा. हिवाळ्यात गृहपाल खाली उतरतो तेव्हा एक खोली मागे राहते, आणि तिची किल्ली सभासदांकडे असते. संकटात सापडलेल्यास आसरा द्यावा हा संकेत सर्वमान्य होता, परंतु संकेत आणि हक्क यांत अंतर असते. सभासदत्व हेच येथे किल्लीचे दुसरे नाव होते, आणि सभासद कोणाला करावे हे ठरविणे सर्वस्वी शाखेच्या हाती होते.

स्वायत्ततेची ही दुसरी बाजू लवकरच दिसू लागली. बर्लिनमध्येच १८९९ मध्ये मार्क ब्रांडेनबुर्ग नावाची शाखा ज्यूंना वगळून स्थापन झाली. व्हिएन्नातील काही शाखांनी पुढील दशकात हाच कित्ता गिरवला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात पराभवाची कटुता आणि वंशवादाची लाट एकत्र आली. १९२१ मध्ये एडुआर्ड पिखल यांच्या नेतृत्वाखालील ‘ऑस्ट्रिया’ या व्हिएन्नातील शाखेने तथाकथित आर्य कलम स्वीकारले. तेथून बाहेर पडावे लागलेल्या ज्यूंनी व त्यांच्या काही ख्रिस्ती मित्रांनी त्याच वर्षी ‘डोनाउलांड’ ही शाखा काढली. पुढे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून जगद्विख्यात झालेले व्हिक्टर फ्रांकल हे तिचे सभासद होते. ही शाखा मंडळातून काढा, अन्यथा आम्ही बाहेर पडतो, असा तगादा ऑस्ट्रियातील शाखांनी लावला. आणि १९२४ च्या डिसेंबरमध्ये म्यूनिक येथील सभेने प्रचंड बहुमताने डोनाउलांडला मंडळाबाहेर काढले. काही आश्रयगृहांच्या दारांवर ज्यूंचे व डोनाउलांडच्या सभासदांचे येथे स्वागत नाही, अशा आशयाचे फलक लागले. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा आठ वर्षांहून अधिक अवकाश होता, ही कालगणना विसरता कामा नये. येथे बाहेरून कोणाचीही सक्ती नव्हती. मंडळाने मतदान घेऊन, आपल्याच नियमांनुसार हा निर्णय केला.

झिलरटाल खोऱ्याला बहिष्काराचा हा पहिलाच अनुभव नव्हता. १८३७ मध्ये प्रॉटेस्टंट पंथ सोडण्यास नकार देणाऱ्या येथील चारशेहून अधिक रहिवाशांना देशत्याग करून प्रशियाच्या सायलेशिया प्रांतात जावे लागले होते. तेव्हा हद्दपारी शासनाने केली होती, एवढाच फरक.

म्यूनिकच्या निर्णयाचा निषेध म्हणून बर्लिन शाखेतील कित्येकशे सभासद बाहेर पडले व १९२५ मध्ये त्यांनी स्वतःचे निराळे मंडळ स्थापिले. छप्पर नसलेले गिर्यारोहण-मंडळ हे नावापुरतेच मंडळ असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्याच झिलरटालमध्ये, सुमारे २,५०० मीटर उंचीवर, फ्रीझेनबेर्गहाउस हे स्वतःचे दगडी घर बांधले. ओल्पेरर कुटी तेथून अवघ्या दोन तासांच्या वाटेवर आहे, आणि ती तेव्हा बर्लिन शाखेच्याच मालकीची होती. एका शाखेतील दोन तट असे एका डोंगराच्या अंगावर शेजारी झाले.

वगळलेल्यांनी आपले छप्पर आपणच बांधावे, हा मार्ग त्यांनी नव्याने शोधला असे नव्हे. १८९५ मध्ये व्हिएन्नातील समाजवादी कामगारांनी ‘निसर्गमित्र’ ही संघटना काढली होती व १९०७ पासून ती स्वतःची डोंगरघरे बांधीत होती. स्वित्झर्लंडमध्ये पुरुषांच्या मंडळाने दार लावून घेतल्यावर स्त्रियांनी १९१८ मध्ये आपले मंडळ स्थापिले. दोन्ही मंडळे एक झाली ती थेट १९८० मध्ये.

मालकीच्या प्रश्नाला राष्ट्रीय बाजूही होती. १९१९ च्या तहाने दक्षिण टायरोल इटलीकडे गेला आणि झिलरटालच्या मुख्य धारेवरून सीमारेषा आली. धारेच्या दक्षिणेची जर्मन व ऑस्ट्रियन शाखांची घरे इटलीच्या शासनाने ताब्यात घेऊन इटालियन मंडळाच्या स्वाधीन केली. ज्या मंडळाने १९२४ मध्ये आपल्याच सभासदांना दाराबाहेर काढले, तेच या काळात दक्षिणेकडील आपल्या हिरावलेल्या दारांबद्दल तक्रार करीत होते. दोन्ही प्रसंगी तत्त्व एकच होते, हे त्या वेळी फारशा कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

१९३४ मध्ये बर्लिनच्या फुटलेल्या मंडळाचे विसर्जन झाले आणि फ्रीझेनबेर्गहाउस व्हिएन्नाच्या डोनाउलांडकडे आले. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यात आल्यावर तेही जप्त झाले व युद्धकाळात सैन्याच्या उपयोगी पडले. युद्ध संपल्यावर घर डोनाउलांडला परत मिळाले. पण ज्यांनी ते वापरावे असे सभासद उरले होते कोठे? काही देशोधडीस लागले होते, काही छळछावण्यांत मारले गेले होते. उरलेल्या मूठभरांना इतक्या उंचीवरील इमारतीचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. १९६८ मध्ये डोनाउलांडने हे घर बर्लिन शाखेच्या हवाली केले. निषेधापोटी जिला सोडून मंडळी बाहेर पडली होती, तीच ही शाखा. २००३ मध्ये या घराला असहिष्णुता व द्वेष यांच्या विरोधातील आंतरराष्ट्रीय भेटीगाठींचे स्थान असे रूप देण्यात आले, आणि त्याच्या इतिहासाची माहिती आता तेथे येणाऱ्यास वाचावयास मिळते.

दरम्यान डोंगरही बदलला आहे. बर्लिनर ह्यूटेसमोरील हिमनद्या संस्थापकांनी पाहिल्या त्या जागेपासून फार वर सरकल्या आहेत. फ्रीझेनबेर्गहाउसहून ओल्पेररकडे जाणाऱ्या वाटेवरून खाली जो श्लेगाइस जलाशय दिसतो, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरण बांधून झालेला आहे; १९२५ च्या फाटाफुटीत सापडलेल्या मंडळींनी त्या जागी कुरणे पाहिली होती. सभासदास दर कमी हा नियम मात्र अजूनही चालू आहे, आणि नोंदवहीत नाव व पुढील मुक्काम लिहिण्याची पद्धतही.