मांडवीवरचा मुक्काम

मांडवी म्हणजे जकात घेण्याचे ठाणे. मुंबईत मशीद बंदराजवळच्या वस्तीला हे नाव जुन्या जकातघरामुळे पडले, आणि ते जकातघर जाऊन पिढ्या लोटल्या तरी नाव टिकून राहिले. गलबतातून उतरलेला माल मांडवीवर मुक्कामाला राही. आणि माल जेथे थांबतो तेथे तो उचलणारा हमाल, मोजणारा कारकून, देखरेख करणारा मुकादम आणि सरकारी दस्तऐवज पुढे सरकवणारा दलाल अशा कित्येकांचा चरितार्थ त्या थांबण्यावर चालतो.

1873 साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 साली प्रिन्सेस डॉक उघडला, तरी गोदीतला मजूर मुकादमाच्या मर्जीकडे डोळे लावून बसणारा रोजंदारच राहिला. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी संघटित केलेल्या या कामगारांची, गोदी कामगारांसाठीच्या 1948 च्या कायद्यानंतर आलेल्या योजनेखाली, रीतसर नोंद होऊ लागली, आणि हजर राहूनही काम न मिळालेल्या दिवसाचे हजेरीचे पैसे त्यांच्या पदरी पडू लागले. बंदरातल्या ताटकळण्याला मोल आले ते असे.

कारकुनाचे ताटकळणे निराळे. बॅलार्ड इस्टेटमधील कस्टम हाऊसच्या जिन्यावर खिशाला एच-कार्ड हे ओळखपत्र लावून, काखेत बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे आयात मालाच्या घोषणापत्राच्या, प्रती घेऊन चढणारा दलालाचा माणूस, फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे आणि कोणत्या शंकेने अडली आहे, हे हुडकून काढण्यात निष्णात असे. कापडाच्या वर्गीकरणावरून वाद निघाला, तर तुकडा अंमलदाराच्या हाती देऊन तो दोन वाक्यांत आपली बाजू मांडी. ही विद्या कोणत्याही ग्रंथात नव्हती. आणि तिच्या आडोशाला चिरीमिरीचा शिरस्ताही वाढला, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

1995 पासून जकातीच्या दफ्तरात संगणक आला, 2018 साली कागदपत्रे ई-संचित या संगणकीय प्रणालीवर चढू लागली, आणि 2020 च्या ऑक्टोबरअखेर समोरासमोर न येता आकारणी करण्याची ‘फेसलेस’ पद्धत देशभर लागू होऊन न्हावा-शेवा बंदरात उतरलेल्या मालाची आकारणी दूरच्या शहरातला, कधी दृष्टीस न पडणारा अंमलदार करू लागला. यावर बंदरातल्या माणसाचे मत विचाराल, तर एकाच तोंडून दोन उत्तरे येतात. खेपा वाचल्या, हे तो मोकळेपणाने कबूल करतो. पण अंमलदाराची शंका, म्हणजे ‘क्वेरी’, पडली की तुकडा दाखवायला समोर कोणी नसते, पडद्यावर उत्तर लिहून पुन्हा वाट पाहावी लागते, आणि तोवर गोदीभाडे चढत राहते, हे गाऱ्हाणेही त्याच श्वासात येते.

ही तक्रार प्रगतीच्या द्वेषातून निघालेली नाही. माल लवकर सुटावा हे इष्टच; परंतु ज्या सरकारने एके काळी ताटकळणाऱ्याच्या हजेरीचे पैसे ठरवून दिले, त्याच सरकारने ताटकळणे मोडीत काढताना त्यावर जगणाऱ्यांचा हिशेब खात्यावर मांडला नाही, तर ती सुधारणा अर्धीच म्हटली पाहिजे.